शिजवणाऱ्याचा वाटा

कोंबडी खाणं पाप की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि तो खाणाऱ्यापाशीच अडून राहतो. शिजवणाऱ्याला सहसा कुणी धरत नाही. मनुस्मृतीने मात्र धरलं. तिच्या पाचव्या अध्यायात संमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा असे आठही जण घातक ठरतात. २५ डिसेंबर १९२७ला महाडला जाळलेल्या या ग्रंथाला विदर्भातल्या असंख्य घरांत मान नाही, आणि तो का नाही हे सांगायला नको. तरी ही एक यादी मला चोख वाटते. बौद्ध भिक्खूंना आपल्यासाठी मारताना न पाहिलेलं, न ऐकलेलं आणि तशी शंकाही न आलेलं मांस चालत असे. ढाणकीसारख्या गावात गिऱ्हाईक पिंजऱ्यातली कोंबडी बोटाने दाखवतो आणि तीच समोर कापून, सोलून त्याच्या पिशवीत पडते. तिथे न पाहिल्याचा आव आणता येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की खायचं ठरलं की शिजवणारा दोघांचा देणेकरी होतो: गेलेल्या जिवाचा आणि ताटावर बसलेल्या माणसाचा. पहिल्याचं देणं म्हणजे मांस वाया न घालवणं, दुसऱ्याचं म्हणजे त्याला आजारी न पाडणं.

ही दोन देणी एकमेकांच्या आड येतात असं आपण धरून चालतो, आणि भीतीपोटी चिकनचा पार चोथा करतो. खरं तर कोंबडीतले साल्मोनेलासारखे जंतू मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचलं की लगेच मरतात. उकळता रस्सा शंभर अंशांच्या आसपास असतो; त्यात सुरक्षिततेचा प्रश्न लवकर सुटतो, उरतो तो निव्वळ धाक. जेमतेम सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरच्या छातीत मऊ व्हायला फारसं चिवट काही नसतंच. सत्तरीच्या पुढे तिचे धागे आकसतात, पाणी पिळून टाकतात आणि फोडी दाताखाली भुश्शासारख्या लागतात. गावरान कोंबड्याचं, आणि कुठल्याही तंगडीचं, गणित वेगळं: तिथल्या चिवट पडद्यांचं जिलेटिन व्हायला मंद आच आणि वेळ लागतो. तेव्हा तंगड्या आधी सोडाव्यात, छातीचे तुकडे शेवटी, आणि रस्सा खदखदू न देता झाकण ठेवावं. मांस हाडापासून सुटेपर्यंत थांबायची खूण गावरानाला लागू आहे. ब्रॉयलरची छाती तोवर कामातून जाते. तव्यावरच्या जाड तुकड्याला मात्र रश्श्याची हमी नाही. हाडाजवळचा गुलाबी रंग कच्चेपणा सिद्ध करत नाही, पांढरा रंगही खात्री देत नाही; तिथे थर्मामीटरच खरा.

शुद्धतेच्या कल्पनेनेही इथे घोटाळा होतो. कच्चं चिकन नळाखाली खळखळून धुणं आपल्याला पवित्र वाटतं. प्रत्यक्षात शिंतोड्यांबरोबर जंतू मोरीवर, कोथिंबिरीवर, शेजारच्या भांड्यांवर उडतात. हळद-मिठाने ते मरत नाहीत. विळी आणि पाट वेगळे ठेवून, हातांसकट साबणाने धुणं हेच इथलं सोवळं.

आक्षेप येईल, की जीव घेऊन मग त्याच्या रसाळपणाची काळजी करणं हे जिभेचे चोचले, त्याला धर्माचं नाव कशाला? अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवापुढे कोंबडं-बकरं कापण्यावर कोरडे ओढले. त्यांचा रोख मारण्यावरच होता. हे उत्तर सरळ आहे आणि ज्याला पेलवतं त्याने ते घ्यावं. नीट शिजवल्याने हिंसा धुऊन निघते, असा माझा दावा नाहीच. पण कोरडे पडलेले तुकडे ताटाच्या कडेला राहतात आणि उकिरड्यावर जातात, म्हणजे ती कोंबडी कुणाच्याच पोटासाठी मेली नाही. खाणाऱ्याला एवढं तरी टाळता येतं.

दुसरा आक्षेप अधिक टोकाचा: इतकं करूनही कुणी आजारी पडलं तर दोष शिजवणाऱ्याचा? बुद्धांचं शेवटचं जेवण चुंद लोहाराच्या घरचं होतं. ते डुकराचं मांस होतं की अळंबी, यावर अभ्यासक अजून भांडतात. त्यानंतर बुद्ध आजारी पडले, पण चुंदाला कुणी बोल लावू नये, ते अन्न पुण्याचंच मानावं, असा निरोप त्यांनी आपला शिष्य आनंद याच्याकडे दिला. श्रद्धेने वाढणाऱ्याला त्यांनी असं सोडवलं. मात्र त्या पदार्थातलं उरलेलं खड्ड्यात पुरायलाही त्यांनीच चुंदाला सांगितलं होतं. मे महिन्यातल्या यवतमाळच्या उन्हाळ्यात दुपारचा रस्सा संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवून पुन्हा उकळणाऱ्याने हा दुसरा भाग वाचावा. काही जंतू उकळीने मरतात, त्यांनी सोडलेलं विष तसंच राहतं.