पाडव्याच्या रात्रीचा उजेड

मूळवचन : लूक १२ : ५४ ते ५९



सन २०२२ च्या एप्रिल महिन्याची २ री तारीख, शनिवार, गुढीपाडव्याचा दिवस, ही विदर्भांतील पुष्कळ लोकांच्या ध्यानांत असेल. त्या सायंकाळीं सुमारें पावणेआठ वाजतां आकाशांत जो उजेड दिसला तो तुमच्यापैकीं कित्येकांनीं अंगणांतून, कित्येकांनीं खळ्यावरून पाहिला असेल. आम्हीं तो नदीच्या वाळवंटांतून पाहिला. त्या रात्रीं मला जें बोलावयास पाहिजे होतें तें मी बोललों नाहीं. मंडळीपुढें तें मीं पुढें कबूल केलें. परंतु ही गोष्ट इतर गांवच्या मंडळ्यांनाहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून आज लिहीत आहें. जिच्यांत दुसऱ्या एका बंधूचा संबंध येतो ती हकीकत मीं त्यांस वाचून दाखविली आहे व त्यांच्या परवानगीनेंच ती येथें देत आहें.

ईस्टरला दोन आठवडे राहिले होते. आमच्या मंडळींतील तरुण मुलामुलींचा तीन दिवसांचा तळ वर्धा नदीच्या कांठीं पडला होता. दोन राहुट्या मुलींकरितां, मुलें उघड्यावर वाळूंत, आणि स्वयंपाकाला एक पाल. नदीची धार आटून एका अंगाला लागली होती. अमावास्या आदल्या दिवशींच झालेली असल्यामुळें रात्र काळोखी होती. मुलांचा शिधा घेऊन आमच्या मंडळींतील एक शेतकरी बंधु बैलगाडीनें आले होते. त्यांचा मुलगा तळावर होता. भाकरी भाजल्या जात होत्या, कोणी गीताची चाल बसवीत होतें.

इतक्यांत मावळतीकडून एक ठिणगी निघाली. प्रथम ती विमानाच्या दिव्यासारखी वाटली. पण पाहतां पाहतां एकीच्या दोन, दोहोंच्या पांच-सात झाल्या, आणि प्रत्येकीच्या मागें पिंवळ्या-तांबूस उजेडाचें शेपूट निघालें. त्या सर्व मिळून, कसलाहि आवाज न करितां, उगवतीच्या अंगास सरकूं लागल्या. तारा तुटतो तो पापणी लवते न लवते तों विझतो. ही रांग मात्र गीताचें एक कडवें म्हणून होईल इतका वेळ दिसत राहिली. तव्यावरची भाकरी करपली तरी कोणाचें लक्ष नव्हतें.

एक मुलगी रडूं लागली. अंधारांतून कोणी तरी ओरडलें, “प्रभु आला!” तेवढ्या शब्दासरशीं सर्वांनीं गुडघे टेकले. ते शेतकरी बंधु गाडीच्या जुवाला धरून उभे होते; तेहि वाळूंत बसले व मोठ्यानें बोलूं लागले. “प्रभो, मीं धाकट्याचा बांध कोरला. दर पेरणीला नांगराचा एकेक फाळ आंत घातला. आज मला वांचीव, उद्यां जाऊन त्याचें त्याला देईन.” दोघां भावांचा कज्जा तालुक्याच्या कोर्टांत किती दिवस चालला होता हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें, पण त्यांच्या तोंडून हा कबुलीजबाब आजवर कोणीं ऐकला नव्हता, त्यांच्या मुलानें तर नव्हताच.

आतां माझी गोष्ट. अंतराळांत सोडलेल्या यानांचे निकामी भाग कधीं कधीं परत पडतात, पडतांना जळतात व फुटून रांगेनें जातात, हें मीं पूर्वीं वाचलेलें होतें. ती रांग क्षितिजास टेकण्यापूर्वींच तें मला आठवलें. खात्री नव्हती, पण आठवलें खरें. तरी मी गप्प राहिलों. कारण तशी प्रार्थना आमच्या मंडळींत मीं कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. मनांत आलें कीं, देवच हें काम करीत आहे, तर मीं मध्यें तोंड घालून तें कां थंड करावें? हा विचार त्या वेळीं मला भक्तीचा वाटला. तो भक्तीचा नव्हता. एका खोट्या समजुतीच्या आधारानें पीक येत आहे तर येऊं द्यावें, असा तो व्यापारी विचार होता.

रविवारीं सकाळीं उपासनेच्या आधींच मुलांच्या हातांतील फोनवर बातम्या आल्या. कोणी उल्का म्हणे, कोणी आणखी कांहीं. पण लवकरच खुलासा झाला. चीन देशानें सन २०२१ च्या फेब्रुवारींत ‘लाँग मार्च ३ बी’ जातीचें एक रॉकेट सोडलें होतें. त्याचा तिसरा टप्पा काम संपल्यावर वर्षाहून अधिक काळ पृथ्वीभोंवतीं फिरत राहिला होता, तोच हा असावा असें जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांनीं सांगितलें. चंद्रपूर जिल्ह्यांत, सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी गांवीं, सुमारें ३ मीटर व्यासाचें धातूचें एक कडें येऊन पडलें. त्याच तालुक्यांत दुसरीकडे धातूचे पोकळ गोळे सांपडले. पुढें इस्रोचे शास्त्रज्ञ तेथें पाहणीस आले. ईश्वरकृपेनें कोणास इजा झाली नाहीं.

असा उजेड पुन्हां दिसल्यास घाबरूं नये म्हणून त्याची रीत येथें सांगून ठेवितों. उंचावर हवा अति विरळ असली तरी ती अगदींच नाहीं असें नाहीं. तिच्या घर्षणानें अशा टाकाऊ भागाची फेरी हळूहळू खालीं खालीं येते. अखेर तो दाट हवेंत शिरतो, आणि सेकंदाला सात-आठ किलोमीटर इतका त्याचा वेग असल्यामुळें पुढची हवा दाबली जाऊन भयंकर तापते व तो भाग पेटून फुटतो. बहुतेक जळून जातो. जें उष्णतेस टिकतें तें खालीं पोंचतें. आकाशांतून येणारे दगड ह्याहून फार वेगानें, सेकंदाला ११ पासून ७२ किलोमीटरपर्यंत, येतात. म्हणून ते एका क्षणांत संपतात. जें सावकाश, आडवें, तुकडे तुकडे होऊन जातें तें बहुधा माणसाच्या हातचें असतें. तसेंच सन २०१९ पासून स्टारलिंक नांवाचे उपग्रह झुंडीनें सोडले जातात; ते सोडल्यावर थोडे दिवस सायंकाळीं वा पहांटे मण्यांच्या माळेसारखे सरळ ओळींत जातांना दिसतात. ते जळत नसतात. आपल्याकडे अंधार पडलेला असतो, पण तितक्या उंचीवर सूर्याचें ऊन पोंचत असतें, तेंच त्यांच्यावरून परततें.

रविवारच्या त्या सकाळीं, रात्रीं रडलेल्या मुलीनें मला विचारलें, “पाळकसाहेब, तुम्हांला तेव्हांच ठाऊक होतें ना?” मी “थोडेंसें” असें म्हणालों. तिनें पुढें कांहीं विचारलें नाहीं. माझ्या सेवेंत मला पुष्कळांनीं पुष्कळ बोल लावले आहेत, पण त्या मुलीच्या गप्प राहण्याइतका एकहि बोल मला लागलेला नाहीं.

सन १९१० सालीं हॅलेचा धूमकेतु आला तेव्हां पृथ्वी त्याच्या शेपटांतून जाणार अशी गणितानें बातमी होती. त्या शेपटांत विषारी वायु आहे असें छापून येतांच युरोप-अमेरिकेंत पुष्कळ लोक घाबरून गेले, आणि धूमकेतूपासून बचावाच्या गोळ्या विकून कांहींनीं पैसा केला. मे महिन्यांत तो दिवस आला व गेला. कोणास कांहीं झालें नाहीं. गोळ्या विकणाऱ्यांस आपण हंसतों. परंतु लोकांची भीति पाहून जो धर्मोपदेशक मनांतल्या मनांत संतोष पावतो, त्याच्या आणि त्या विक्रेत्यांच्या दुकानांत फारसें अंतर नाहीं.

कोणी म्हणेल, सूर्य, चंद्र व तारे यांत चिन्हें होतील असें प्रभूनेंच सांगितलें आहे ना? होय, सांगितलें आहे. पण तो दिवस व ती घटका पित्यावांचून कोणासहि ठाऊक नाहीं, देवदूतांसहि नाहीं, हेंहि त्यानेंच सांगितलें आहे. जें देवदूतांस कळत नाहीं तें वर्धेच्या वाळवंटांत बसून एका पाळकाला कळावें हें कसें? आणि यिर्मया संदेष्ट्यानें तर देवाच्या लोकांस स्पष्टच बजाविलें कीं, इतर राष्ट्रें आकाशांतील चिन्हांना भितात तसें तुम्हीं भिऊं नये.

आतां आपला अध्याय उघडून पाहा. येथें प्रभु लोकांस म्हणतो कीं, पश्चिमेस ढग उठला म्हणजे पाऊस येणार हें तुम्हांला कळतें, दक्षिणेचा वारा सुटला म्हणजे उकाडा होणार हें कळतें. आकाशाचें तोंड पाहून तुम्हांला सर्व कळतें, मग हा काळ कां कळत नाहीं? आपण शेतकरी लोक आहों. मृगाचा ढग कोणता व फसवा ढग कोणता हें आपल्याला कोणीं शिकवावें लागत नाहीं. पण ह्यापुढें प्रभु काय बोलला तें पाहा. मला वाटे, एवढें बोलून तो आकाशाचाच कांहीं मोठा गूढार्थ सांगेल. तो तसें करीत नाहीं. तो एकदम कोर्टाच्या वाटेवर येतो! प्रतिवाद्याबरोबर न्यायाधीशाकडे जात आहां ना, तर वाटेंतच मिटवून टाका. एकदां शिपायाच्या हातीं गेलां म्हणजे शेवटची दमडी फिटेपर्यंत सुटका नाहीं.

पुष्कळ वर्षें मीं ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजून वेगवेगळे उपदेश केले. ढगांवर एक, कर्जावर एक. त्या रात्रीनंतर त्यांमधली वाट मला दिसली. त्याच अध्यायांत वर १३ व्या वचनांत पाहा: गर्दींतून एक मनुष्य उठून म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाचा वांटा द्यावयास सांगा. प्रभूनें तो वांटा करून दिला नाहीं. मला तुमच्यावर पंच कोणीं नेमलें, असा उलट सवाल केला. मग लोभाविषयीं बोलला, मोठीं कोठारें बांधूं पाहणाऱ्या त्या श्रीमंताची कथा सांगितली. तो मनुष्य पुढें गर्दींतच उभा होता कीं गेला, हें लूक सांगत नाहीं. उभा असेल तर ढगाचें बोलणें व कोर्टाच्या वाटेचें बोलणें त्यानेंहि ऐकलें असेल. आपल्या भावाचें तोंड ज्यानें वर्षानुवर्षें पाहिलें नाहीं, त्यानें आकाशाचें तोंड वाचून काय साधलें?

सोमवारीं मी त्या शेतकरी बंधूंकडे गेलों. ते गोठ्यांत वैरण टाकीत होते. मला पाहून हंसले. “पाळकसाहेब, तें तर लोखंड निघालें हो!” असें म्हणाले. मीं बांधाचें नांव काढतांच हंसणें थांबलें. “भ्यालों होतों, म्हणून बोललों. भीतीपोटीं बोललेलें कोणी धरून बसतें काय?” मला उत्तर सुचेना. कारण त्यांचा युक्तिवाद माझ्याच मौनावर उभा होता. पश्चात्तापाच्या पायाखालीं मीं जो दगड राहूं दिला तो निघाला, आणि वरचें बांधकाम ढांसळलें. दोष नुसत्या बांधणाऱ्याचा कसा म्हणावा? मी त्यांस म्हणालों, “दादा, आधीं माझें ऐका. तो उजेड काय असावा हें मला त्याच रात्रीं आठवलें होतें, आणि मीं सांगितलें नाहीं. तुमच्या भीतीचा मीं फायदा घेतला. मला क्षमा करा.” ते कांहीं वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मग तुम्ही आतां बांधाचें कशाला सांगतां?” मी म्हणालों, “उजेड खोटा निघाला. बांध कोरलेला आहे कीं नाहीं, तेवढें सांगा.”

त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. मी परत आलों. पुढच्या रविवारीं मंडळीपुढें माझा अपराध कबूल केला. कोणाकोणास तें आवडलें नाहीं. पाळकानें आपली किंमत अशी उतरवूं नये, असें एका वडील मंडळींनीं मला एकीकडे नेऊन सांगितलें. तें बंधु त्या दिवशीं मागच्या ओळींत बसले होते व प्रभुभोजनाच्या गुरुवारीं आलेच नाहींत. ईस्टरलाहि आले नाहींत. मीं तें माझ्याच हिशेबीं धरिलें.

मृग लागण्यास आठ-दहा दिवस होते. सकाळीं उन्हाआधीं त्यांचा मुलगा माझ्या दारीं आला व म्हणाला, “बाबांनीं दोर मागितला आहे, देवळांतल्या घंटेचा जुना आहे तो. लांब पाहिजे.” मी दोर घेऊन त्याच्याबरोबरच गेलों. शेतांत जुन्या हद्दीचा धोंडा एका टोंकाला होता, दुसऱ्या टोंकाला बाभूळ. धोंड्यापाशीं थोरले उभे होते, बाभळीपाशीं धाकटे. कोर्टांतील दावा काढून घेतलेला नव्हता, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तो आणखी चालणार होता. दोघे एकमेकांशीं एक शब्दहि बोलत नव्हते. थोरल्यांनीं दोराचें एक टोंक धोंड्याला बांधलें, दुसरें मुलाच्या हातीं काकाकडे पाठविलें. दोर ताणला तेव्हां तो उभ्या बांधापासून अडीच हात अलीकडे, थोरल्यांच्याच शेतांत पडला. धाकट्यांनीं आपल्या हातानें टोंक घट्ट धरून ठेविलें, आणि मुलगा वांकून खुंट्या ठोकूं लागला.