वर न पोचलेले बुडबुडे

भाईंदरहून उत्तनकडे जाताना डोंगरीच्या आसपास फिकट रंगाचा खडक दिसतो. सह्याद्रीचा ओळखीचा काळा पाषाण तो नव्हे. दख्खनच्या ज्वालामुखींच्या उतरत्या काळातला, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा हा रायोलाइट. काळ्या बेसाल्टमध्ये सिलिका जेमतेम निम्मी, यात सत्तर टक्क्यांच्या घरात. सिलिका वाढली की वितळलेल्या खडकाचा रस चिकट होतो, आणि त्यात अडकलेल्या वायूचं नशीब बदलतं.

पाण्यात काही मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला वीस-पंचवीस सेंटिमीटर चढतो, तोही नागमोडी. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी ही वाकडी चाल टिपून ठेवली होती. दाट द्रवात मात्र बुडबुडा निमूट सरळ जातो. तिथे जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेलं गणित लागू पडतं: त्रिज्या दुप्पट तर वेग चौपट, चिकटपणा दुप्पट तर वेग निम्मा. वितळलेला बेसाल्ट पाण्याच्या लाखपट चिकट धरला, तर दोन मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा तासाला फूटभर चढेल. रायोलाइटचा रस त्याच्याही दहा लाखपट चिकट धरा. तोच एक फूट चढायला शंभराहून अधिक वर्षं लागतील. रस तेवढा थांबतो कुठे!

म्हणून बेसाल्टच्या थराचा माथा चाळणीसारखा आणि पोट घट्ट. बुडबुडे वर आले, पण थिजलेल्या सायीखाली अडले. तळाशी कधी नळीसारख्या पोकळ्या सापडतात. त्या ज्या बाजूला झुकलेल्या, तिकडे लाव्हा वाहत होता. पुढे गरम पाण्याने यातल्या कित्येक पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक भरले. जे बुडबुडे सुटले त्यांची काहीच खूण उरली नाही. आपला सगळा अभ्यास अडकलेल्यांवर चालतो. रायोलाइटमध्ये तर कोंडलेला वायू पुष्कळदा रसाच्याच चिंधड्या करतो आणि राख उडते.

खाडीच्या गाळाची तऱ्हा तिसरीच. ठरावीक ताण येईपर्यंत तो हलतच नाही, त्यामुळे लहान बुडबुडा त्यात हळू चढत नाही. तो चढतच नाही. ओहोटीला वरच्या पाण्याचा भार उतरला की वायू फुगतो आणि गाळाला चीर पाडून निघतो. १७७६ मध्ये व्होल्टाने मॅजोरे सरोवराचा चिखल काठीने ढवळून असाच जळाऊ वायू गोळा केला होता. भाईंदरच्या खाडीत काठीचं काम समुद्र करतो, दिवसातून दोनदा.