डॉक्टरने वगळलेला रविवार

विषय

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी, शनिवारी संध्याकाळी सुरू झाली. तिचा नायक डॉक्टर हा परग्रहावरचा कालप्रवासी आहे. निळ्या पोलीस बॉक्ससारखे दिसणारे त्याचे ‘टार्डिस’ हे यान कोणत्याही शतकात, कोणत्याही दिवशी उतरू शकते. मरणाच्या वेळी त्याचे शरीर पालटते. त्यामुळे नट बदलत गेले आणि पात्र टिकले. 1989 ते 2005 या काळात मालिका बंद होती. त्यात 1996 चा एक दूरचित्रपट तेवढा आला.

31 मे 2008 रोजी दाखवलेल्या ‘सायलेन्स इन द लायब्ररी’ या स्टीव्हन मॉफटलिखित भागात डॉक्टर आणि त्याची सहप्रवासी डोना नोबल एका ग्रहावर पोचतात. हा अख्खा ग्रह म्हणजे एक ग्रंथालय आहे. पुस्तके जागच्या जागी आहेत, माणूस मात्र एकही दिसत नाही. डोनाला वाटते, आज रविवार असेल. डॉक्टर ते ताबडतोब फेटाळतो. आपण रविवारी कधीच उतरत नाही, कारण रविवार कंटाळवाणे असतात, हे त्याचे कारण.

या उद्गाराला ब्रिटिश समाजाची पार्श्वभूमी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1994 च्या कायद्यापूर्वी बहुतेक दुकानांना रविवारी कुलूप असे. आजही तिथल्या मोठ्या दुकानांना त्या दिवशी सहाच तास उघडी राहण्याची मुभा आहे. चर्च, घरचे जेवण आणि मग संपता न संपणारी दुपार, अशी त्या वाराची ओळख होती. ज्या पिढीने ही मालिका लहानपणी पाहिली आणि पुढे स्वतः लिहिली, तिच्या मनात शनिवार डॉक्टरचा होता. रविवारच्या मागे सोमवारची शाळा उभी होती.

संशय

ज्याला हवा तो वार निवडता येतो, त्याने रिकामा वार वगळावा का? वगळला तर आयुष्य भरगच्च होते, पण त्या दिवशी जे घडते त्यात आपण नसतो. न वगळला, तर दुसरीकडे कुणाच्या तरी उपयोगी पडले असते असे तास हातातून जातात. दोन्हीकडे तोटा आहे. म्हणून दोन्ही बाजूंचे म्हणणे क्रमाने पाहणे आवश्यक आहे.

पूर्वपक्ष : वार हा पंचांगातला खुणेचा दगड आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इसवी सन 321 मध्ये हुकूम काढून रविवार विश्रांतीचा ठरवला. त्याने दुसरा वार निवडला असता, तर कंटाळाही त्याच वारी आला असता. अशा ठरवलेल्या शांततेत बसून राहण्याचे बंधन डॉक्टरवर कशासाठी? त्या ग्रंथालयात 4022 माणसे संगणकाच्या स्मृतीत अडकलेली होती आणि अखेर ती परत आली. घरोघरी लोक जेवून आडवे झाले आहेत अशा गावी डॉक्टर उतरला असता, तर त्याच्या हातून काय झाले असते?

उत्तरपक्ष : ती माणसे परत आली हे खरे. पण डॉक्टरचे अनुमान कशावर उभे होते, हे आपण पाहावे. आज रविवार नाही, हे त्याने ग्रंथालयाकडे पाहून ठरवले नाही. ते त्याने स्वतःच्या सवयीवरून ठरवले. रविवारच्या शांततेत दारे बंद असली तरी आत माणसे असतात. ग्रंथालयातल्या शांततेत आत कुणीच नव्हते, सावल्यांत माणसे खाणारे जीव होते. या दोन शांततांमधला फरक रविवारी कधीतरी थांबलेल्यालाच ऐकू येतो. ज्याने तो वार टाळला, त्याला दोन्ही सारख्याच वाटण्याचा धोका आहे.

पूर्वपक्ष : डॉक्टर तेव्हा नऊशेहून अधिक वर्षांचा होता, हे विसरू नये. इतक्या दीर्घ आयुष्याला कंटाळा ही किरकोळ गोष्ट राहत नाही. 1979-80 मध्ये या मालिकेचे पटकथा संपादक असलेले डग्लस ॲडम्स यांनी 1982 च्या ‘लाइफ, द युनिव्हर्स अँड एव्हरीथिंग’ या कादंबरीत वावबॅगर हा अमर झालेला जीव रंगवला. ‘डॉक्टर हू’साठी सुचलेल्या एका कथेतूनच ती कादंबरी उभी राहिली होती. वावबॅगरला अमरत्व सुरुवातीला मानवते. पुढे त्याला रविवारच्या दुपारी सोसवेनाशा होतात आणि पावणेतीन उलटून गेले की मनावर मळभ दाटते. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञानेही 1973 साली ग्रंथरूपात आलेल्या निबंधात अंतहीन आयुष्य अटळपणे कंटाळवाणे होईल, असे मांडले. तेव्हा रविवार वगळणे हा डॉक्टरच्या दृष्टीने स्वसंरक्षणाचा उपाय ठरतो.

उत्तरपक्ष : वावबॅगरने पुढे काय केले, तेही सांगायला हवे. विश्वातल्या प्रत्येक जिवाचा, अक्षरक्रमाने, समोर जाऊन अपमान करायचा, हे त्याने कामच काढले. कंटाळ्यापासून पळताना इतर सगळे त्याच्या वेळ घालवण्याचे साधन झाले. कंटाळा वारात असतो की माणसात, याचे उत्तर मालिकेनेच 2012 च्या ‘द पॉवर ऑफ थ्री’मध्ये दिले आहे. जगभर लहान काळे घन येऊन पडतात आणि काहीच करत नाहीत. डॉक्टरला एमी आणि रोरी या सहप्रवासी जोडप्याच्या घरी वाट पाहत बसायचे असते. तो कुंपण रंगवतो, गवत कापतो, गाडी दुरुस्त करतो, पायावर चेंडू उडवत राहतो आणि आत येऊन विचारतो की किती वेळ गेला. उत्तर मिळते, साधारण तासभर. रोरीचे वडील ब्रायन मात्र घनांवर लक्ष ठेवायला सांगितले म्हणून चार दिवस जागचे हलत नाहीत. पुढेही रोज कॅमेऱ्यासमोर बसून ते नोंद करत राहतात, बहुतेक वेळा काही घडले नाही एवढीच. घन तेच, घरही तेच. एकाला ते घर खायला उठते, दुसऱ्याला त्यात काम सापडते. मनोविश्लेषक शांडोर फेरेन्झी यांनी 1919 मध्ये ‘रविवारच्या मनोविकारां’वर लिहिले होते. कामाचे पांघरूण निघाले की आतली अस्वस्थता वर येते, असे रुग्ण त्यांनी पाहिले होते. रविवार ती निर्माण करत नाही, फक्त उघडी पाडतो.

पूर्वपक्ष : ब्रायनसारखे निवांत बसणे पोटाची चिंता नसलेल्यांना परवडते. कष्टकऱ्याला रिकामा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी.

उत्तरपक्ष : कष्टकऱ्यांनीच हा दिवस भांडून मिळवला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत साप्ताहिक सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरणी कामगारांच्या सभा घेऊन, अर्ज करून ती मागितली आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. ज्यांच्याकडे देण्यासारखा फक्त स्वतःचा वेळ होता, त्यांनी त्यातला एक दिवस परत मागितला. त्यांना तो रिकामा वाटला असता, तर त्यासाठी सहा वर्षे झगडा झाला नसता.

त्याच जून महिन्यात फ्रान्समधल्या ओव्हेर गावी व्हिन्सेंट व्हॅन गॉग तिथल्या चर्चचे चित्र रंगवत होता. 5 जून 2010 रोजी दाखवलेल्या, रिचर्ड कर्टिसलिखित ‘व्हिन्सेंट अँड द डॉक्टर’ या भागात डॉक्टर त्याच्याजवळ ताटकळत बसतो. वेळ नेहमी असाच सावकाश, क्रमाने जातो का, याचे त्याला नवल वाटते. व्हिन्सेंट मात्र मान वर न करता रंगवत असतो. पुढे डॉक्टर त्याला भविष्यातल्या पॅरिसच्या संग्रहालयात नेतो आणि त्याची चित्रे जगाने किती जपली ते दाखवतो. तरीही त्याचा शेवट टळत नाही. व्हॅन गॉगने स्वतःवर गोळी झाडली तो दिवस 27 जुलै 1890, रविवार. जो रविवारी उतरतच नाही, तो त्या दिवशी त्याच्याजवळ असू शकत नाही.

पूर्वपक्ष : जवळ असून काय झाले असते? तो भागच सांगतो की शेवट टळत नाही. जिथे काही बदलता येत नाही, तिथे हजर राहणे हे केवळ स्वतःच्या मनाचे समाधान.

उत्तरपक्ष : याला मालिकेने ‘डीमन्स ऑफ द पंजाब’मध्ये उत्तर दिले आहे. विनय पटेललिखित हा भाग 11 नोव्हेंबर 2018 रोजी दाखवला गेला. पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीला त्या दिवशी शंभर वर्षे होत होती, आणि वार रविवार होता. कथा 1947 च्या ऑगस्टमधली. डॉक्टरच्या सहप्रवासी यास्मिनची आजी उम्ब्रीन ही मुस्लिम मुलगी प्रेम या हिंदू तरुणाशी लग्न करते. फाळणीची सीमा ठरवणारी रॅडक्लिफ रेषा जाहीर झाली तो 17 ऑगस्टही रविवारच होता. गावात दोन परग्रहवासी दिसतात आणि डॉक्टरला ते मारेकरी वाटतात. पूर्वी ते तसे होतेही. आता त्यांनी एकच काम घेतले आहे. जे एकटे मरतात, ज्यांच्यासाठी कुणी रडणार नाही, त्यांच्याजवळ उभे राहायचे. प्रेमला वाचवणे डॉक्टरला शक्य नसते. डॉक्टर, जी आता स्त्रीरूपात आहे, पाठ फिरवून चालू लागते, मागून गोळीचा आवाज येतो, आणि प्रेमजवळ ते दोघे उभे असतात. त्यांच्या उभे राहण्याने इतिहास बदलत नाही. प्रेम एकटा मरत नाही, एवढे मात्र घडते. जो मेला त्याच्यासाठी ते समाधान नगण्य नाही.

निर्णय

पूर्वपक्षाचे एक म्हणणे मान्य करावे लागते. कुठे हाक आली असेल, तर विश्रांती मोडून उठलेच पाहिजे. ब्रायननेही शेवटी मुलाला आणि सुनेला डॉक्टरबरोबर जायला सांगितले. घरी बसून लक्ष ठेवणाऱ्याला बाहेर पडण्याचे मोलही कळते. पण हाक आल्यावर जाणे वेगळे आणि कंटाळा येईल म्हणून एक वार आयुष्यातून कायमचा काढून टाकणे वेगळे. पहिले कर्तव्य आहे. दुसऱ्यात त्या वाराबरोबर त्या दिवसाची माणसेही गाळली जातात: चित्रासमोर बसलेला व्हिन्सेंट, रेषेच्या पलीकडे गेलेली माणसे, गिरणीतून एक दिवस सुटलेला कामगार. म्हणून ‘रविवारी कधीच नाही’ हा डॉक्टरचा नियम टिकत नाही, आणि मालिकेच्याच कथा त्याविरुद्ध साक्ष देतात.

ब्रायन हे पात्र लिहिणारे ख्रिस चिबनल पुढे मालिकेचे प्रमुख झाले. त्यांच्या काळात, 7 ऑक्टोबर 2018 पासून, नवी मालिका शनिवारऐवजी रविवारी दाखवली जाऊ लागली आणि डॉक्टर रविवारी घराघरांत उतरू लागली. 2023 मध्ये मालिका शनिवारी परतली. वाचकांजवळ टार्डिस नाही, पण रविवार उरकून टाकण्याची घाई आहेच. पुढच्या रविवारी दुपारी तीनच्या सुमारास घड्याळाचा काटा हलेनासा झाला, तर त्या वेळी घरात, शेजारी, जवळपास कोण एकटे आहे, हे आधी पाहावे आणि त्यांच्याजवळ जाऊन बसावे.