हास्याचा हिशेब

१९८१ सालीं कॅनन या अमेरिकन संस्थेचा ‘एन्टर द निंजा’ निघाला, आणि निंजा म्हणजे बुरखाधारी जपानी हेर यांच्या चित्रपटांची लाट उसळली. हाँगकाँगच्या गॉडफ्रे हो व जोसेफ लाय या जोडीनें त्यावर स्वस्त तोड काढली. तयार असलेला एखादा आशियाई चित्रपट विकत घ्यावयाचा, रिचर्ड हॅरिसन या अमेरिकन नटाचीं निंजावेषांतील दृश्यें त्यास जोडावयाचीं, आणि वर नवे संवाद चढवावयाचे. ‘निंजा टर्मिनेटर’मध्यें (१९८५) हा नट मोठ्या गंभीर मुद्रेनें टेलिफोनवर बोलतो, तो टेलिफोन गारफील्ड नांवाच्या व्यंगचित्रांतील मांजराच्या आकाराचा आहे!

रसिक हसतात, आम्हीही पोटभर हसलों. हें हास्य तुच्छतेचें नव्हे. गांवच्या हौशी नाटकांत भीमाची मिशी गळली, तर प्रेक्षक उठून जात नाहींत, उलट त्यांची माया वाढते. त्याच जातीचें हें. पण भीम आपल्या खुषीनें रंगभूमीवर आलेला असतो. हॅरिसननें मोजक्या चित्रपटांसाठीं काम केलें. त्या चित्रणाचे तुकडे मात्र त्याच्या संमतीवांचून इतर अनेक चित्रपटांत खपविले गेले. मूळ चित्रपटांतील नटांच्या तोंडीं तर भलतीच कथा घातली गेली.

मग रसिकानें हसूं नये काय? इतकें कठोर होणें आम्हांस साधत नाहीं. परंतु ‘निंजा टर्मिनेटर’च्या पोटांत एक कोरियन चित्रपट आहे. अशा गिळलेल्या चित्रपटांचा छडा लावीत बसणारे रसिकही आहेत, आणि त्यांच्या पंक्तीस बसून हसणें आम्हांस अधिक आवडेल.