वरनं गेलीया!

आमच्या शाळेत दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी, फळ्यावर प्रमेय अर्धे सोडवलेले असताना दिवे गेले. शिपायाने लाइनमनला फोन लावला. उत्तर नेहमीचेच आले, ‘‘वरनं गेलीया!’’ मुले हसली. तेवढ्यात अंधारातून एकाने विचारले, ‘‘सर, कुणाची लाइट आधी घालवायची, हे वर कोण ठरवतंय?’’ ‘‘उद्या सांगतो,’’ असे म्हणून मी वेळ मारून नेली. तासाभराने दिवे आले, पण प्रश्न काही मनातून गेला नाही.

विजेचा धर्म असा, की ती निर्माण होते त्याच क्षणी खर्ची पडावी लागते. बॅटऱ्यांतली साठवण वाढत आहे, पण एकूण गरजेच्या मानाने ती अजून थोडीच. निर्मिती आणि मागणी यांच्या मेळाचे माप म्हणजे आपल्याकडची ५० हर्ट्झची वारंवारिता. मागणी वरचढ झाली की हा आकडा घसरतो. फारच घसरला, तर काही भागांची वीज तोडून बाकीचे जाळे वाचवावे लागते. हे काम रिले नावाची उपकरणे आपोआप करतात. मात्र पहिल्यांदा कोण अंधारात जाणार, हे रिले ठरवत नाही. तो क्रम कुणीतरी टेबलाशी बसून आधीच लावून ठेवलेला असतो. म्हणजे ‘वर’ एक यादी असते, आणि यादी माणसाने केलेली असते.

यंत्रांच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे. ३० जुलै २०१२ रोजी बीना–ग्वाल्हेर वाहिनी बंद पडली आणि पाठोपाठ उत्तर भारताचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळून सुमारे साठ कोटी लोकांची वीज गेली. काही राज्ये वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत होती, आणि भार कमी करा असे सांगूनही ती पुरेशी ऐकत नव्हती. आपण दक्षिणेकडचे लोक वाचलो, कारण आपले जाळे तेव्हा उरलेल्या देशाशी एकतालात जोडलेले नव्हते. ती जोडणी झाली ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर–सोलापूर वाहिनीने. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. वीज मात्र ती सीमा रोज ओलांडते.

आज विद्यापीठांतून ज्या ‘स्मार्ट ग्रिड’वर संशोधन चालते, तिथे ही यादी क्षणोक्षणी बदलती करण्याचा प्रयत्न आहे. ढग आला, सौर वीज उतरली, तर कुणाचा पंप थांबवायचा, कुणाच्या मोटारीचे चार्जिंग लांबवायचे, हे संगणक सांगेल. संगणक साहेबांचा फोन घेत नाही, पाहुण्यारावळ्यांचा बंगलाही ओळखत नाही. हा लाभ लहान नव्हे. पण उद्या पंप थांबलेल्या शेतकऱ्याने जाब विचारला, तर ‘वरनं गेलीया’ म्हणणारा लाइनमनही समोर नसेल.

हाच प्रश्न चालकाविना धावणाऱ्या मोटारींचा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९५ साली पिट्सबर्गहून सॅन दिएगोपर्यंतचा प्रवास केला, तेव्हा सुकाणू बहुतेक वाट संगणकाच्या ताब्यात होते. आपल्याकडे आयआयटी हैदराबादेत अशा वाहनांसाठी ‘तिहान’ ही चाचणीभूमी २०२२ साली सुरू झाली. त्याच २०२२ साली भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. यंत्राने त्यांतली थोडी जरी वाचवली, तरी त्याला नाके मुरडण्याचा अधिकार कुणाला?

या मोटारींच्या नीतीची चर्चा निघाली, की तत्त्वज्ञ रुळांवरून सुटलेल्या ट्रॉलीचे कोडे घालतात: पाच जण वाचवण्यासाठी एकाला मारावे काय? फिलिपा फूट या विदुषीने १९६७ साली ते मांडले. एमआयटीच्या ‘मॉरल मशीन’ने २०१६ पासून असेच प्रसंग जगभरच्या लोकांपुढे ठेवले आणि सुमारे चार कोटी उत्तरे गोळा केली. प्रत्यक्षात घडले ते निराळेच. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत टेम्पी येथे उबरची चाचणी मोटार सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीवर आदळली आणि ती मरण पावली. यंत्राला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती. ते तिला कधी वाहन समजे, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल. पादचारी असे ते एकदाही समजले नाही. ठरलेल्या जागेवाचून कुणी पायी रस्ता ओलांडील, हे त्याच्या रचनेतच धरलेले नव्हते. इथे एक की पाच, असे धर्मसंकट नव्हतेच. कुणीतरी, कुठल्यातरी खोलीत, एक शक्यता विचारात घ्यायची राहून गेली होती. मोटारीत देखरेखीला बसलेली बाई दूरचित्र पाहत होती. २०२३ साली तिने गुन्हा कबूल केला. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही.

हे वाचून मी चरकलो. कारण अशी एक खोली माझीही आहे.

काही वर्षांपूर्वी नववीच्या तुकड्या गुणांप्रमाणे पाडण्याचे काम आम्ही संगणकावर नेले. परीक्षेला गैरहजर म्हणजे शून्य, हा नियम मीच घातला. एक हुशार मुलगी आई दवाखान्यात असल्याने दोन पेपरांना येऊ शकली नव्हती. तिचे नाव शेवटच्या तुकडीत आले. वडील विचारायला आले, तेव्हा मी म्हणालो, ‘‘यादी कॉम्प्युटरनं काढलीय हो, माझ्या हातात काही नाही.’’ ते ‘‘बरं’’ म्हणाले आणि नमस्कार करून गेले. पुढच्या वर्षी तिचे नाव पटावर नव्हते. कारण दुसरेही असेल. पण ते विचारायला मी गेलो नाही. करून सवरून नामानिराळे राहण्याची इतकी सोपी वाट मला पूर्वी कधी मिळाली नव्हती.

यंत्राला पाप लागत नाही, पुण्यही नाही. म्हणून त्याच्या हाती निर्णय दिला, तरी पाप-पुण्याचा हिशेब आपल्याच खाती राहतो. अभियंत्यांनी यंत्रे शहाणी करावीत, अवश्य करावीत. एवढेच व्हावे, की प्रत्येक आपोआप निर्णयाखाली एका माणसाचे नाव असावे, आणि त्याचे दार ठोठावता यावे.

त्या मुलाला मी उत्तर दिले ते असे: ‘‘बाळ, ठरवतो माणूसच. फक्त तो आधी ठरवून घरी गेलेला असतो.’’

यंदा तुकड्यांच्या यादीखाली मी सही केली, आणि शंका असल्यास कधी भेटावे हेही लिहिले. दोन पालक आले. त्यांतल्या एकाच्या बाबतीत चूक माझीच होती.