मोजमापाबाहेरचा अर्धा तास



या वेळी कितीतरी घरांत कुणीतरी बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरकडे बघत असेल. आकडा वाढलेला दिसला की घरातलं कुणीतरी विचारतंच, "काल काय खाल्लंस?" २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. सर्वांत जास्त प्रमाण आढळलं ते गोव्यात, २६.४ टक्के. या आजाराला रविवार नसतो. रोजच्या या राखणीचा मनाला शीण येतो. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम पोलॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ओळखण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. आपल्या दवाखान्यांत मात्र याबद्दल क्वचितच कुणी विचारतं.

खरं तर मनावर ताण आला की अंगात कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनलिन वाढतं, यकृत रक्तात साखर सोडतं, आणि काहीही गोड न खाता आकडा चढू शकतो. अशा वेळी त्या माणसाला बोल लावणं मला फार अन्यायाचं वाटतं.

असा ताण हलका करायला मन मोकळं करण्याची एक जागा आपल्या बायकांनी पूर्वीच शोधली होती. पहाटे दळताना त्या सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेल्या लेकराचं दुःख ओव्यांतून जात्याला सांगत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. गळा गोड असण्याची अट तिथे नव्हती. चुकलं तर कुणी गुण कापत नव्हतं. मधुमेहाच्या माणसाला नेमकी अशीच जागा हवी असते, कारण त्याचं बाकी सगळं आयुष्य मोजलं जात असतं.

म्हणून दिवसातला अर्धा तास अशा कशाला तरी द्या. भजनी मंडळात बसा. वहीत चार ओळी लिहा, आजाराचा राग आला असेल तर तोही लिहा. बोटांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, तर सुईदोऱ्यापेक्षा माती किंवा जाड कुंचला बरा. नजर अधू झाली असेल तर गाणं आहे, पेटी आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रात्रीच्या लांबलेल्या भजनाला जाताना खिशात साखर ठेवा, आणि दिंडीत अनवाणी चालू नका. पाय बधिर असेल तर जखम कळत नाही.

यामुळे गोळी सुटेल अशी आशा मात्र कुणी दाखवू नये. घरच्यांनीही वही मिटल्या मिटल्या 'आता साखर बघ' म्हणू नये, नाहीतर तो अर्धा तासही परीक्षेत जमा होतो. आणि दोन आठवडे उलटूनही कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना सांगा; जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याच दिवशी सांगा. 'रिपोर्ट बरा आहे' एवढं ऐकून खुर्चीवरून उठू नका.