काळीत घरं पेरतोस?

बस नको, उभाच राहा. ‘सर, एकदा साईट बघून जा’ असं फोनवर तूच म्हणालास. बघून आलो. आता ऐक.

केळीचा बाग काढलास, तुझी जमीन आहे, त्यावर मी बोलत नाही. पण चार दिवस पोकलेन फिरवायचा, उंचवटा खरवडून खोलगटात लोटायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि म्हणायचं लेव्हलिंग झालं? कोपऱ्यातल्या शेवटच्या प्लॉटवर मी छत्रीचं टोक टेकवलं. टेकवलं म्हणतोय, दाबलं नाही. मुठीपर्यंत आत गेली. ओढून काढली तर टोकाला केळीच्या खोडाचं कुजकं सोपट! भरावात खोडं गाडलीस? वर्षा-दोन वर्षांत ती कुजून पोकळी होईल, माती खाली बसेल आणि तिच्याबरोबर कुणाचं तरी स्वयंपाकघरही बसेल. त्या प्लॉटचा इसार घेतलायस म्हणे. कर्ज काढून देणाऱ्याला खाली काय पुरलंय हे सांगितलंस का?

डंपर ओतायचे आणि वरून जेसीबीची चाकं फिरवायची, याला दबाई म्हणत नाहीत. आधी वरची सुपीक माती आणि काडीकचरा बाजूला काढायचा. मग 20-25 सेंटिमीटरचा थर. पाणी बेताचं, मुठीत लाडू वळेल पण तळहाताला चिखल लागणार नाही इतकंच. मग रोलर, मग घनतेची तपासणी. प्रॉक्टर चाचणीतल्या कमाल घनतेच्या 95 टक्के भरली तर पुढचा थर, नाहीतर पुन्हा रोलर. हे मी तुला फळ्यावर शिकवलंय. तू खिडकीबाहेर बघत होतास, ती गोष्ट वेगळी.

आणि गटाच्या नकाशावरचा नाला कुठे गेला? ‘सर, तो कोरडाच असतो.’ अरे, सातपुड्यातून उतरणारा नाला वर्षातला बहुतेक काळ कोरडाच असायचा! पाऊस झाला की डोंगरातले गोटे घरंगळत घेऊन येतो. आपल्या रावेर-यावलचा पायथा असाच तर तयार झाला, डोंगराने आणून टाकलेल्या गोटे-वाळू-मातीने. बजाडा म्हणतात त्याला. तिथे मुरलेल्या पाण्यावर खालच्या केळीबागा उभ्या आहेत. त्या पाण्याच्या वाटेवर तू दीड फुटी पाइप टाकून वर भराव ओतलास. पाइपाच्या तोंडाशी दोन झुडपं अडकली की पाणी कुठून जाणार? तुझ्या प्लॉटांतून.

‘एन.ए. झालंय, सर.’ झालं असेल. त्याने कागद बदलला, माती तीच आहे. आपल्या म्हाताऱ्यांनी गाव वसवलं पांढरीवर आणि पेरलं काळीत. ही काळी पावसात फुगते आणि वैशाखात भेगाळते. फुगताना जोतं उचलते, आटताना सोडून देते. मग दाराच्या चौकटीवरून तिरपी चीर निघते, आणि घरमालक गवंड्याला शिव्या देतो. यावर इलाज नाही असं थोडंच आहे? आयआयटी मुंबईत प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा मीटरभर थर देण्याचं तंत्र बसवलं. खर्च येतो, म्हणून तू मुरमाची नुसती पांढरपिवळी पावडर भुरभुरवलीस. फोटोत छान दिसते!

‘आपल्याकडे कुठे डोंगर कोसळतोय?’ हेही तूच म्हणालास ना? तुझ्या दक्षिणेला घळ आहे, तापीकडे उतरणारी. तिच्या काठावर दोन पुरुष उंचीचा भराव उभाच्या उभा ठेवलास आणि पुढे भिंत बांधलीस. भिंतीला पाणी निघायला एक भोक नाही, मागे खडीचा थर नाही. मागची माती भिजली की मातीबरोबर पाण्याचाही दाब भिंतीवर. तिथे उभी तटबंदी कशाला हवी होती? दोनास एक असा उतार दिला असता, वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूला काढलं असतं, तर दोन प्लॉट कमी झाले असते. एवढंच. त्या दोन प्लॉटांसाठी तू ही भिंत उभी केलीस.

30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण सकाळी गाडलं गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. पाऊस होताच, पण वरच्या उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडेही तेव्हा जाणकारांनी बोट दाखवलं. तिथला डोंगर मोठा, तुझा काठ लहान, हे मला कळतं. भिजलेल्या मातीचं वागणं दोन्हीकडे एकच.

सोमवारी सकाळी ये. नाल्याचा जुना नकाशा घेऊन ये. नाला होता तिथे पुन्हा उघडायचा, खोडांचा भराव उपसायचा, भिंतीमागची माती काढायची. तोवर एकही खरेदीखत नाही.

आणि पाच ठिकाणची माती आण, डब्यावर प्लॉट नंबर लिहून. चाळलेली 10 ग्रॅम माती एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये, 24 तास. पाण्यातली किती फुगते ते तुझ्याच डोळ्यांनी बघ. शेवटच्या वर्षाला हा प्रयोग तू शेजाऱ्याच्या वहीतून उतरवला होतास, मला तेव्हाच कळलं होतं. रॉकेल मिळत नाही ही सबब सांगू नकोस, माझ्याकडे बाटलीभर आहे. कोपऱ्यातल्या प्लॉटचा डबा मात्र विसरू नकोस.